यूव्ही टॉर्च की भिंग? सीबीआय म्हणजे चीन-बर्मा-इंडिया आघाडीचे कापडी पॅच पारखताना

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी हवाई दलाचे बाहीवरचे पॅच जमवायचे, तर आधी यूव्ही टॉर्च घ्यावा की चांगलं भिंग? माझ्याकडे दोन्ही आहेत. टॉर्च हल्ली ड्रॉवरमध्येच असतो.

टॉर्चचा हिशोब सोपा. पांढरेपणा उठून दिसावा म्हणून दोऱ्यांत आणि साबणांत रसायनं घालायची पद्धत रुळली ती युद्धानंतर. त्यामुळे जांभळ्या उजेडात दोरा निळसर पेटला, की माल नंतरचा. ढिगातून चटकन निवड करायला झकास.

माझं बिनसलं ते चीन-बर्मा-इंडिया आघाडीच्या एका पॅचवरून. ढालीचा आकार, वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. टॉर्चखाली तो असा लखलखला की मी हात जोडून परत केला. मग कळलं, स्वच्छ दिसावा म्हणून विकणाऱ्याने आदल्याच आठवड्यात तो डिटर्जंटमध्ये बुचकळला होता. टॉर्चने दोरा नव्हे, पावडर ओळखली! उलट साध्या सुती दोऱ्याची नवी नक्कल त्याच टॉर्चखाली गप्प बसते.

भिंग पालथ्या बाजूला लावायचं. अमेरिकेतल्या मशीनच्या कामात मागे बॉबिनचा दोरा दिसतो, आणि कडेला गुंफलेला जाड गोट नसतो. तो नंतर आला. दहाव्या हवाई दलाचं मुख्यालय १९४२ मध्ये दिल्लीत आलं, चौदावं दल १० मार्च १९४३ ला चीनमध्ये उभं राहिलं. या मंडळींनी इथल्या कारागिरांकडून करून घेतलेले पॅच वेगळेच. हातकाम, त्यामुळे एकाचा तारा दुसऱ्यासारखा नाही. जरीची तार काळवंडलेली आणि मागे पुष्कळदा टिचबटणं, कारण जरीचं काम धोब्याकडे टाकता येत नाही. शर्ट धुवायला गेला की पॅच काढून ठेवायचा. माझ्याकडच्या एकावर बटणाच्या गंजाचं तपकिरी कडं कापडात मुरलंय, दोऱ्याच्या पिळापर्यंत. असलं काही टॉर्चमध्ये दिसत नाही.

अर्थात भिंग घेऊनही फसायला होतं. नव्या जरीकामाला चहाचं पाणी दाखवून जुनं करणारे आहेतच. ढिगाने मशीनचे पॅच घेणार असाल तर टॉर्च वाईट नाही. पण इकडे बनलेल्यांवर डोळा असेल, तर मी आपला दहापटीचं भिंग आधी घ्या म्हणेन. टॉर्चचं पुढच्या महिन्यात बघू.