गंगापूर रोडचा गिटार क्लास: बोटं नीट बसायला लागली एकदाची

आधी दुसरीकडे ३ महिने घालवले, तिथे नुसता कॉर्डचा (एकत्र वाजवायच्या सुरांचा) चार्ट हातात द्यायचे आणि वाजव म्हणायचे, माझा सी कॉर्ड कायम घरघर करायचा आणि मला वाटायचं गिटारच खराब आहे.

इथे सरांनी पहिल्याच दिवशी स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) बंद केलं, म्हणाले एकेक तार वेगळी छेड आणि कुठली मेलीये ते ऐक. मग कळलं की माझं बोट दोन फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधोमध पडत होतं, ते पुढच्या (गिटारच्या पोटाकडच्या) पट्टीला अगदी चिकटून ठेवलं की निम्म्या जोरात स्वच्छ आवाज येतो, खरंच करून बघा!! आणि डाव्या हाताची नखं कापूनच या, नाहीतर बोट उभं राहतच नाही, आडवं पडतं आणि खालची तार दाबून टाकतं.

सगळ्यात भारी म्हणजे म्युटिंग, म्हणजे नको ती तार गप्प करणं. सी कॉर्डमध्ये सहावी जाड तार नको असते ना, तर पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जे तिसरं बोट असतं त्याचंच टोक सहावीला हलकं टेकवायचं, दाबायचं नाही, फक्त टेकवायचं. डी कॉर्डला अंगठा वरून आणून सहावी गप्प करायची, पाचवी मात्र उजव्या हातानेच टाळायची. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं यार.

बॅचमध्ये ६ जणच, प्रत्येकाची बोटं सर स्वतः येऊन बघतात. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही तेवढं बघा, मी तर सकाळची बॅच घेतली.