फिरतं तारांगण: शाळेत जरूर बोलवा, पण परग्रहवाल्यांची फिल्म नको म्हणून सांगा

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत डिसेंबरात फिरतं तारांगण आणलं होतं. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक विचारतात, बोलवावं काय? माझं उत्तर हो आहे, पण एक अट घालून बोलवा.

आधी सोयीचं सांगते. बेळगावहून दोघे जण टेम्पोतून सामान घेऊन येतात. काळ्या जाड कापडाचा घुमट, ब्लोअरनं हवा भरली की उभा राहतो. आत तीसेक मुलं सतरंजीवर दाटीनं बसतात. माणशी ५० रुपये. ज्यांना जड होतं त्यांचे एसडीएमसीनं, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीनं, भरले. जनरेटर ते स्वतःचा आणतात, त्यामुळे लाईट गेली तरी अडलं नाही. दुपारी मात्र आत फार उकडतं, म्हणून सकाळची वेळ घ्या.

पहिला अर्धा तास आजच्या रात्रीच्या आकाशाचा. तो उत्तम. मृग, कृत्तिका, रोहिणी सगळं निवांत दाखवलं. आमच्याकडे जंगलाकडेच्या गावांत अजून खरा काळोख आहे, त्यामुळे मुलांनी त्याच रात्री अंगणातून मृग शोधला.

नंतर परग्रहवासीयांवरची फिल्म लागली, आणि माझी तक्रार तिच्याबद्दल आहे. शहरावर भलीमोठी उडती तबकडी येते, उजेडाचे झोत पडतात, माणसं सैरावैरा पळतात, आणि छातीत घुमणारा आवाज. घुमटात चित्र चारी बाजूंनी असतं, मान वळवून सुटका नाही. चौथीची मुलं रडायला लागली. एकजण रांगत दाराच्या बोगद्याकडे निघाला, त्याला मी मांडीवर घेतलं. वीस मिनिटांत माहिती म्हणाल तर काहीच नाही. भीती का वाटते हा केवढा चांगला प्रश्न, त्याला हातसुद्धा लावलेला नाही.

तो लावला दाखवणाऱ्या दादांनी. प्रोजेक्टर बंद करून ते मुलांत मांडी घालून बसले आणि विचारलं, "कशाची भीती वाटली, सांगा बघू." एक म्हणाला, ते आपल्यापेक्षा हुशार असणार. दुसरी म्हणाली, रोग आणतील. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "ते आले तर आमची जमीन पण घेणार काय?" तिच्या घरची जमीन रस्त्यात गेली आहे.

दादांनी एकही भीती हसण्यावारी नेली नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये हेच बोलून दाखवलं होतं, असं सांगितलं. कोलंबस अमेरिकेत उतरला तो तिथल्या मूळ लोकांना भोवला, तसंच आपलं होईल अशी त्यांची धास्ती. रोगाचं भयही पोकळ नाही. स्पॅनिश लोकांबरोबर गेलेल्या देवीच्या साथीनं १५२० मध्ये मेक्सिकोत हाहाकार केला होता. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांनासुद्धा, चंद्रावर उतरल्यापासून २१ दिवस होईपर्यंत वेगळं ठेवलं होतं. २१ दिवस म्हटल्यावर मोठ्या मुलांना लगेच लॉकडाऊन आठवला. मला वाटतं, बलवान माणूस दुबळ्याच्या दारात आला की काय होतं हे मुलांना घरातूनच कळलेलं असतं, आणि आकाशातून येणाऱ्यालाही ती तोच माणूस समजतात.

मग अंतराचा हिशेब. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतं, तरी तेवढं अंतर कापायला त्याला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील. हे ऐकल्यावर लहानांचे चेहरे सैल झाले.

त्या यानावरच्या सोनेरी तबकडीची, म्हणजे ध्वनिमुद्रिकेची, गोष्ट तर प्रत्येक शाळेनं ऐकावी. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. दोन्ही मोबाईलवर ऐकवले. शेजारी बसलेल्या आमच्या कन्नडच्या मॅडमनी माझा हात दाबला. मग त्याच तबकडीवरची गायिका केसरबाई केरकरांची भैरवी लावली. फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या बाईंचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर निघालाय, हे आमच्या मुलांना मीही आजवर सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मघाशी "हुशार असणार" म्हणणाऱ्या मुलानं विचारलं, "मग आपला पत्ता पण दिला असेल की?" दिलाय. १४ पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पोचवणाऱ्या ताऱ्यांच्या खुणांनी सूर्याची जागा त्या तबकडीवर कोरली आहे. दादांनी ते लपवलं नाही. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून अवकाशात संदेश पाठवला, तेव्हा ब्रिटनचे मोठे खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी हरकत घेतली होती आणि तो वाद अजून मिटलेला नाही, हेही सांगितलं. मुलांनी तिथंच हात वर करून मतं दिली. पत्ता द्यावा म्हणणारे थोडे जास्त निघाले.

म्हणून माझी अट. बुकिंग करतानाच फिल्म नको, तो वेळ प्रश्नोत्तरांना द्या, असं स्पष्ट सांगा. पैसे तेवढेच घेतात. चौथीपर्यंतच्या मुलांना फक्त आकाश दाखवा. आणि फोनवर विचारून घ्या की मराठी बोलणारे तेच दादा येणार आहेत ना. आकाशाला पाचपैकी पाच, दादांना पाच, फिल्मला शून्य.