सर्व्हिसिंगनंतर बिघडलेला कार अलार्म : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या गाडीत बाहेरून बसवून घेतलेला अलार्म आहे आणि आता त्याला वर्ष होत आलं. दोन रिमोट, बॅटरी-बॅकअप असलेला सायरन, गाडीला बसलेला धक्का ओळखणारा शॉक सेन्सर, चारही दारांना आणि बॉनेटला जोडणी, स्टार्टर तोडणारा रिले, असा नेहमीचा संच. सुरुवातीचे महिने कसलीच तक्रार नव्हती. गाडी सर्व्हिसिंगहून परत आली आणि त्रास सुरू झाला. लॉक करून गेलं की अर्ध्या-पाऊण तासाने सायरन बोंबलायचा, जवळ जाऊन पाहावं तर कुणी नाही.

गॅरेजचं म्हणणं पडलं की कंट्रोल युनिट गेलंय, बदला. मला ते पटलं नाही. ऑइल आणि फिल्टर बदलताना डॅशबोर्डच्या आतलं युनिट जळायचं कारण काय? सर्व्हिसिंगमध्ये हात लागतो तो बॉनेटला, बॅटरीच्या टर्मिनलना, अर्थिंगच्या बोल्टना आणि एसीच्या फिल्टरसाठी उघडलेल्या ग्लोव्ह बॉक्सला. शोध तिथूनच सुरू व्हायला हवा.

या अलार्मची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की तो कशामुळे वाजला हे स्वतःच सांगतो. वाजून गेल्यावर रिमोटने बंद केला की डॅशबोर्डवरचा एलईडी ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो. कोणता आकडा दाराचा, कोणता बॉनेटचा, कोणता शॉक सेन्सरचा हे मॅन्युअलमध्ये असतं आणि ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. बऱ्याच अलार्ममध्ये इग्निशन चालू केलं की ही नोंद पुसली जाते, त्यामुळे आधी एलईडी मोजायचा, मग चावी फिरवायची. माझ्याकडे दर वेळी आकडा येत होता बॉनेटचा.

बॉनेटचा स्विच म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली एक पिन. बॉनेट बंद असताना ती दाबलेली राहते आणि सर्किट तुटलेलं असतं. पिन वर आली की तारेला अर्थिंग मिळतं आणि अलार्मला कळतं की बॉनेट उघडलंय. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जुळलं की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक प्रोब स्विचच्या टर्मिनलला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. पिन वर असताना बीप, दाबल्यावर शांत. म्हणजे स्विच जिवंत होता. मग बॉनेट बंद झाल्यावर पिन नेमकी किती दाबली जाते ते बघायचं होतं. त्यासाठी पिनच्या दांड्यावर एक छोटा घट्ट रबरी वॉशर सरकवून अगदी तळाला नेला, बॉनेट आपटलं आणि पुन्हा उघडलं. पिन आत जाते तेव्हा वॉशर स्विचच्या तोंडाशी अडतो आणि दांड्यावर वर सरकतो. जितका वर सरकला तितकीच पिन दाबली गेली. माझा वॉशर जेमतेम दोन मिलिमीटर हलला होता! सर्व्हिसिंगमध्ये बॉनेटखालचे रबरी बफर फिरवून थोडे उंच केले गेले होते, त्यामुळे पिन अगदी काठावर राहत होती. इंजिन गार होताना पत्रा जरासा हलला तरी संपर्क जुळायला ते पुरेसं असावं, म्हणूनच तो अर्ध्या तासाचा उशीर. शिवाय पिनवरची रबरी टोपी गायब होती आणि आत इंजिन धुतल्याचं पाणी, माती. स्विच काढून साफ केला, नवी टोपी घातली, बफर पूर्ववत केले. त्या दिवसापासून बॉनेटचा आकडा परत आलेला नाही.

बॅटरीकडेही बघून घ्या. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यावर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास. उभ्या गाडीत 12 च्या खाली आकडा असेल तर आधी बॅटरी, मग अलार्म. आणखी एक खूण उपयोगी पडते: सायरन एकटाच वाजतोय आणि इंडिकेटर चमकत नाहीत, तर संशय सायरनच्या स्वतःच्या पुरवठ्यावर घ्यावा. बॅकअपवाल्या सायरनला मुख्य बॅटरी तोडली असं वाटलं की तो आपणहून ओरडतो, आणि टर्मिनलचा सैल क्लॅम्प तेवढ्यासाठी पुरतो.

पुढच्या सर्व्हिसिंगनंतर वेगळीच तऱ्हा. दारं लॉक होत होती पण अलार्म लागतच नव्हता आणि एलईडी सतत जळत होता. तो बिघाड नव्हताच. गॅरेजने व्हॅले मोड, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या हाती देताना अलार्म तात्पुरता बंद ठेवायची सोय, लावला होता आणि काढायचा राहिला होता. मॅन्युअलप्रमाणे बटण दाबून धरलं, काम झालं. याच वेळी शॉक सेन्सरही ग्लोव्ह बॉक्समागे वायरला लोंबकळत सापडला. तो टायने घट्ट बांधल्यावरच सेन्सिटिव्हिटीच्या स्क्रूला हात लावावा, आधी नाही.

उभ्या गाडीत अलार्म किती करंट खातो हेही मोजलं. गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक युनिटं (मॉड्यूल) झोपल्यावर पूर्ण गाडीचा आकडा 50 मिलिअँपिअरच्या आत हवा, तो आहे. मात्र मॉड्यूल झोपायला अर्धा तासही लागतो, आणि मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि तिच्या तारेच्या मधे, असताना स्टार्टर मारला तर मीटरचा फ्यूज उडतो.

तक्रार शॉक सेन्सरबद्दल आहेच. जड वाहन शेजारून गेलं तरी तो कधी कधी चिवचिवतो, आणि कमी केला की काचेवरच्या थापेलाही दाद देत नाही. मधला बिंदू मिळायला फार वेळ गेला. रिमोटची रेंज घटली तेव्हा सीआर2032 सेल बदलल्यावर ती परत आली. सायरनमधली छोटी रिचार्जेबल बॅटरी काही वर्षांनी गळून सर्किट खाते, त्यामुळे सायरन कधीतरी बदलावा लागेल हे मी धरून चाललोय. पण युनिट स्वतः भक्कम आहे, पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन.

आता गाडी सर्व्हिसिंगला देताना व्हॅले मोड मीच लावून देतो. परत घेताना तो काढतो, काच खाली करून रिमोटने लॉक करतो, अलार्म लागेपर्यंत थांबतो आणि हात आत घालून आतल्या हँडलने दार उघडतो. सायरन वाजला तरच गाडी गॅरेजबाहेर काढतो.