टॉवर ब्रिजचं लाकडी किट: घ्यावं का, आणि घेतलं तर जोडावं कसं

लंडनच्या टॉवर ब्रिजचं लेझरने कापलेलं हे किट ३ मिलिमीटर एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) आहे. जोडल्यावर लांबी ६० सेंटिमीटर. खरा पूल २४४ मीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण ४००ला १. त्या हिशेबाने ६५ मीटरचे मनोरे १६ सेंटिमीटर हवेत, इथे ते १९ भरतात. दिसतात रुबाबदार, पण शाळेच्या प्रकल्पावर ‘प्रमाणबद्ध’ लिहू नका.

तरीही किट घ्यावं, आणि ते मनोऱ्यांच्या आतल्या सांगाड्यासाठी. आधी पट्ट्यांचा पिंजरा उभा राहतो, मग त्यावर नक्षीच्या भिंती चढतात. खरा पूलही असाच आहे. वजन पेलतं पोलाद, वरचा ग्रॅनाइट आणि पोर्टलंडचा दगड हा पेहराव. शेजारच्या जुन्या किल्ल्याला शोभावा म्हणून पुलाला हे गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन धाटणीचं रूप दिलं. मूळ आराखडा वास्तुविशारद होरेस जोन्स यांचा. काम १८८६ला सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते वारले. अभियंते जॉन वुल्फ बॅरी यांनी पूल पुरा केला आणि ३० जून १८९४ला तो खुला झाला.

सगळ्यात जास्त चुका वरच्या दोन पादचारी मार्गांपाशी होतात. सूचनापत्रक ते शेवटी लावायला सांगतं. तसं केलं की बाजूच्या साखळ्या (मनोऱ्यांपासून काठांकडे जाऊन तिथला रस्ता टांगून धरणाऱ्या) ताणताच मनोरे बाहेरच्या अंगाला कलतात आणि मग मार्गाचे दात खाचेत बसतच नाहीत. हे मार्ग नुसते चालण्यासाठी नाहीत, दोन्हीकडच्या साखळ्यांची आडवी ओढ तेच पेलतात. म्हणून आधी मार्ग चिकटवा, रात्रभर वाळू द्या, मगच साखळ्या ओढा.

दुसरी उणीव उघडणाऱ्या पाखांची, म्हणजे जहाजासाठी वर उचलल्या जाणाऱ्या रस्त्याच्या दोन भागांची. वाशीच्या खाडीपुलासारखा स्थिर पूल तिथे चालला नसता, कारण उंच डोलकाठीची जहाजं आत बंदरात जायची. म्हणून मधला ६१ मीटरचा गाळा दोन पाखांचा केला. प्रत्येक पाख हजार टनांहून जड, तरी उचलायला बळ बेताचंच लागतं, कारण आसामागे तोल राखणारं वजन आहे आणि पाख वर जाताना ते खांबाच्या पायातल्या खोलीत उतरतं. किटमध्ये पाख दारासारखी कडेच्या पिनेवर फिरते, हात काढला की धपकन पडते. उपाय सोपा आहे: पिनेमागे २ सेंटिमीटरची शेपटी चिकटवा, तिला ८ एमएमचे तीन-चार नट लावा आणि ती खाली उतरायला पायाच्या डब्यात तेवढीच खाच कापा.

ठाण्यात जून ते सप्टेंबर एमडीएफ दमट हवेने फुगतं, खाचा घट्ट होतात. ठोकू नका, दात मुळाशी तुटतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन हात पुरतात. सीलर (ओल अडवणारा लेप) जोडण्याआधी आणि दोन्ही बाजूंनी मारा, एकाच बाजूला मारला तर पट्टी वाकते. दातांवर आणि खाचांत मात्र सीलर नको, तिथे फेव्हिकॉल धरत नाही.

रंगाचा निळा-पांढरा कागद सोबत येतो. ती छटा १९७७ची, राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवातली. त्याआधीचा पूल हवा असेल तर लोखंडी भाग चॉकलेटी रंगवा.

पत्रकात एके ठिकाणी या पुलाला ‘लंडन ब्रिज’ म्हटलंय. तो निराळा पूल, याच थेम्स नदीवर थोडा वरच्या अंगाला. मुलं वहीत उतरवून घेण्याआधी ती ओळ खोडा.