पिकअपच्या हौद्यातला हँडलवाला अनलोडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फाळक्याला क्लॅम्पने बसणारा रोलर, हौद्यात अंथरायची जाड शीट आणि बाजूला हँडल, एवढीच या अनलोडरची रचना. हँडल फिरवलं की शीट रोलरवर गुंडाळत जाते आणि तिच्यावरचा माल मागे ओढला जाऊन खाली पडतो. वाळू, खडी, माती, शेणखत उतरवायला उत्तम. मात्र हँडल जड झालं की जोर लावू नका, आधी कारण शोधा. मोडतोड होते ती त्या जास्तीच्या जोरानेच.

हिशेब बघा. ५०० किलो वाळू आहे आणि घर्षण वजनाच्या ४० टक्के धरलं, तर ओढ २०० किलोची. रोलर ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि हँडल २५ सेंटिमीटर लांब असेल तर हाताला २० किलो लागतात. गुंडाळीचा व्यास १० सेंटिमीटर झाला की तेवढ्याच मालाला दुप्पट जोर. माल पडत जातो म्हणून एरवी हे जाणवत नाही. पण ओली वाळू शीटला चिकटून आत गुंडाळली गेली की गुंडाळी फुगते आणि हँडल अडतं. दर दोन वेढ्यांनी शीट खरवडून घ्या, हा त्रास संपतो.

सगळ्यात छळणारी तक्रार म्हणजे शीट तिरकी गुंडाळणं. माल एका अंगाला जास्त भरला किंवा पहिलाच वेढा वाकडा बसला, तर कड दुमडते आणि तिथेच फाटते. हँडल उलट फिरवून शीट सैल करा, जड बाजूचा माल फावड्याने कमी करा, मग वेढा सरळ लावा. भरतानाच माल दोन्ही बाजूंना सारखा टाकलात तर ही वेळ येतच नाही. चाकांवरच्या उंचवट्यांमागे साचलेला माल शीटबरोबर येत नाही, तो आधी मध्ये ओढून घ्यावा लागतो.

हौद्याला खरखरीत कोटिंग असेल तर शीटखाली गुळगुळीत प्लायवूड घाला, फरक लगेच कळतो. शीट अंथरण्याआधी हौदा झाडायलाच हवा, खाली राहिलेली खडी शीटला भोकं पाडते.

रॅचेटचा, म्हणजे रोलर उलटा फिरू न देणाऱ्या दातेरी चाकाचा, खटका घसरत असेल तर दात ब्रशने साफ करा, स्प्रिंग तपासा. ग्रीस नको, त्यात वाळू रुतते; कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. ओढ असताना खटका सोडलात तर हँडल उलटं फिरून मनगटावर बसतं. दोन्ही हातांनी धरा, तोंड बाजूला ठेवा.

माल मागे सरकताना बरंच वजन फाळक्यावर येतं, म्हणून त्याच्या दोन्ही केबल आणि बोल्ट दर महिन्याला बघा. केबलची एखादी तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदलेपर्यंत अनलोडर वापरू नका.