नाशिकमध्ये घर घेताना भेटलेले दोन एजंट

गेल्या पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी आणि माझे पती नाशिकमध्ये टू बीएचके घर शोधत होतो. या काळात आम्ही दोन एजंटांची सेवा घेतली. एक गंगापूर रोड परिसरातील नव्या प्रकल्पांचे काम पाहणारे होते, तर दुसऱ्यांचे इंदिरानगरमध्ये लहानसे कार्यालय आहे. दोघांचीही नावे येथे मुद्दाम देत नाही. घर विकणाऱ्या मध्यस्थाने ग्राहकाला काय सांगितले पाहिजे आणि कशाबद्दल तोंड उघडता कामा नये, याविषयी या सहा महिन्यांत जे कळले ते घर शोधणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्या एजंटांशी फोनवर बोलणे झाले तेव्हा त्यांनी आधी बजेट विचारले, मग किती खोल्या हव्यात ते, आणि तिसरा प्रश्न होता, "आडनाव काय म्हणालात?" त्यानंतर लगेच, "घरात नॉनव्हेज चालतं का?" आमची उत्तरे त्यांना सोयीची वाटली असावीत, कारण ते मोकळेपणाने म्हणाले, "मग काहीच अडचण नाही मॅडम, बिल्डिंगमध्ये सगळी आपलीच माणसं आहेत." घर दाखवताना त्यांनी कोणत्या मजल्यावर कोण येणार आहे, त्यांचे आडनाव काय, गाव कोणते, आणि कोणत्या लोकांना "बिल्डरने घेतलेलंच नाही", हे सर्व न विचारता सांगितले. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील नोंदणीचा क्रमांक, मागितला तेव्हा मात्र "तो साइट ऑफिसला मिळेल" असे उत्तर आले. स्वतःचा नोंदणी क्रमांक त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतले वापरता येणारे क्षेत्र, विचारले तर जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरून फुगलेला सुपर बिल्टअपचा आकडा सांगितला. बाल्कनीतून गोदावरी दिसते याचे कौतुक तीनदा झाले, पण ती इमारत पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते, आणि २००८ च्या सप्टेंबरमधील पूर पाहिलेल्या नाशिककराला नदीकाठच्या घराबाबत पहिला प्रश्न हाच पडतो.

खरा धक्का त्यानंतर बसला. माझ्याच कार्यालयातील एक सहकारी त्याच इमारतीत घर पाहत होती. शेजारी शेजारी राहू, असा आमचा बेत होता. तिने फोन केला, आडनाव सांगितले आणि तिला उत्तर मिळाले की चौथ्या मजल्यावरचे ते घर कालच विकले गेले. सोबत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तीन इमारतींची नावे मिळाली, "तिथं तुम्हाला बरं पडेल" या शब्दांसह. दोन दिवसांनी तेच घर त्यांनी आम्हाला देऊ केले. मी तारखेबद्दल स्पष्ट विचारले तेव्हा ते थोडे हसले आणि म्हणाले, "ताई, सोसायटीचं वातावरण सांभाळावं लागतं." त्या दिवशी आम्ही तो व्यवहार सोडला. आमचे स्वागत झाले होते हे खरे, पण ज्या कारणाने तिला नाकारले त्याच कारणाने आम्हाला स्वीकारले जात होते, आणि अशा घरात राहायला जाणे आम्हा दोघांनाही शक्य नव्हते.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. तिने तेथे घर घेताना एजंटला सहज विचारले होते की भारतीय कुटुंबे कोणत्या भागात जास्त आहेत. त्या बाईंनी नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही. शाळांची माहिती शाळांकडून घ्या, गुन्ह्यांची पोलिसांकडून, आणि वस्तीत स्वतः फिरून या. तेव्हा आम्हाला हे विचित्र वाटले होते. तेथे १९६८ पासून फेअर हाउसिंग कायदा आहे. घराची विक्री किंवा भाडे यांत वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करण्यास त्याने बंदी घातली, १९७४ मध्ये लिंगाची आणि १९८८ मध्ये अपंगत्वाची व लहान मुले असलेल्या कुटुंबांची भर पडली. ग्राहकाला त्याच्या जातकुळीकडे पाहून ठरावीक वस्तीकडे वळवणे यालाही तेथे बेकायदा मानतात. माझ्या सहकारीला मिळालेल्या त्या तीन इमारतींच्या नावांचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

आपल्याकडे एजंटवर बंधने आहेत, पण ती प्रामुख्याने कागदांची आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या एजंटची नोंदणी आवश्यक आहे. कलम १० नुसार त्याला नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकून देता येत नाही, खोटी विधाने करता येत नाहीत, आणि घर नोंदवताना ग्राहकाला जी माहिती व जे कागद मिळण्याचा हक्क आहे ते मिळवून द्यावे लागतात. या नियमांचा भंग झाला तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. आम्हाला व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकात तो नव्हता. मात्र ग्राहकाचा धर्म किंवा जात पाहून घर नाकारू नये, असे वाक्य या कायद्यात नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवते, आणि हे कलम फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्याच्या कक्षेबाहेरचे भेद मात्र बरेचसे मोकळे राहतात. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व केवळ पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता.

इंदिरानगरच्या एजंटांकडे आम्ही हे सर्व अनुभवून गेलो. त्यांच्या टेबलावर महारेराचे नोंदणी प्रमाणपत्र लावलेले होते. त्यांनी आडनाव विचारले ते पावती करताना. दलाली १ टक्का, ती कधी द्यायची आणि व्यवहार मोडला तर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून दिले. जे घर आम्ही शेवटी घेतले ते पुनर्विक्रीचे असल्याने महारेराची बंधने त्या व्यवहाराला थेट लागू नव्हती, तरीही त्यांनी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र आणि पूर्णत्वाचा दाखला आमच्या हाती ठेवला. दाखल्याची तारीख इमारतीच्या वयाच्या मानाने उशिराची होती. त्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले की त्या काळात नाशिकमधील अनेक इमारतींप्रमाणे हीदेखील कपाटांची जागा मंजूर बांधकाम क्षेत्रात मोजायची की नाही, या वादात अडकली होती, आणि हा तिढा कसा सुटला त्याचे कागदही दाखवले. विक्रेत्याच्या सोयीची नसलेली ही गोष्ट न विचारता सांगणारा मध्यस्थ मला प्रथमच भेटला.

शेजारी कोण आहेत, असे माझ्या सासूबाईंनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काकू, पाणी किती वेळ येतं, लिफ्ट कधी बंद पडते, मेंटेनन्स किती, ते सगळं सांगतो. कोण राहतं ते मी सांगत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन बघा." आम्ही दोन्ही वेळा गेलो. जिन्यात भेटलेल्या एका आजींनी सासूबाईंना चहाला बसवून घेतले.

त्यांच्या सेवेत उणिवाही आहेत. संध्याकाळी सातनंतर ते फोन घेत नाहीत, नोकरी करणाऱ्यांना हे अडचणीचे होते. पार्किंगचा क्रमांक त्यांनी चुकीचा सांगितला होता. तो सोसायटीच्या पत्रावरून आम्हालाच दुरुस्त करून घ्यावा लागला. घरे दाखवण्याचा वेगही कमी आहे, कारण कागद पाहिल्याशिवाय ते कोणतेही घर दाखवत नाहीत.

माझ्या सहकारीनेही डिसेंबरमध्ये त्यांच्याचकडून आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे घर घेतले. सोसायटीचे सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते, ही महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील तरतूद त्यांनीच तिला समजावून सांगितली, आणि अर्ज देताना सचिवांच्या सहीची व तारखेची पोच घ्यायला लावली. ती पोच तिने खरेदीखताच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवली आहे.