समुद्राच्या अंदाजाचं अ‍ॅप: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

माझा धाकटा भाऊ उरणजवळच्या करंजा बंदरातल्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. आम्ही बेलापूरच्या दिवाळे गावातले. गेल्या ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठली तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फेरीआधी अंदाज बघायचं काम माझ्याकडे आलं. "ताय, वारा कसा हाय गो?" एवढंच तो फोनवर विचारतो, आणि उत्तर देताना माझ्या छातीत धडधडतं. बोट आत गेली की मोबाइलला रेंज नसते. निघताना मी जे सांगितलं तेच त्याच्यापाशी राहतं.

अ‍ॅप म्हणजे रंगीत नकाशावर वारा आणि लाटा वाहताना दिसतात तसलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी अ‍ॅप बरीच आहेत आणि बहुतेकांच्या पोटात हवामानाचं गणित मांडणारी संगणकी मॉडेलं तीच असतात: अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ. पहिले दोन महिने फुकट वापरलं, मग पैसे भरले. तीन-तीन तासांऐवजी तासातासाचा अंदाज मिळतो, आणि पहाटे निघणाऱ्या बोटीसाठी तो फरक मोठा आहे. मराठी मात्र नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. ज्यांच्यासाठी हे सगळं आहे त्यांना 'स्वेल' (दुरून चालत आलेली लाट) आणि 'गस्ट' (वाऱ्याचा झोत) कोण समजावून सांगणार?

सुरुवातीला मी फक्त लाटेची उंची बघायचे. दीड मीटर दिसलं की "जा बिनधास्त". पुढे कळलं की हा आकडा म्हणजे प्रत्येक लाटेची उंची नव्हे. सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, आणि मधूनच एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते. म्हणजे दीड मीटर लिहिलेल्या दिवशी पावणेतीन-तीन मीटरची लाट अंगावर आली तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि कुणी नवीन वापरणार असेल तर त्याने एवढं तरी वाचावं. उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो. एका लाटेचा माथा गेल्यावर दुसरीचा यायला लागणारा वेळ. नोव्हेंबरमधल्या एका फेरीला उंची दीड मीटर आणि वेळ ५ सेकंद होती. भाऊ परत आला तेव्हा हाताची सालं निघाली होती. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सारखी आपटत होती, जाळं ओढताना कुणाला धड उभं राहता येत नव्हतं. एप्रिलमध्ये तीच दीड मीटर उंची, पण १४ सेकंद. तेव्हा बोट पाळण्यासारखी वर-खाली होत होती आणि माणसं निवांत जेवली. अ‍ॅपवर दोन्ही दिवसांचा रंग एकच होता! आता माझा नियम असा की उंची दीड मीटर किंवा वर आणि वेळ ८ सेकंदांच्या आत दिसली, की मी भावाला "नको" म्हणते.

लांब वेळेची लाट खोल पाण्यात सोपी, पण किनाऱ्याजवळ उथळात आली की तीच उंच होऊन फुटते. ती इथल्या वाऱ्याची नसतेच, दक्षिण महासागरातल्या वादळातून हजारो किलोमीटर चालत आलेली असते. केरळात तिला 'कल्लक्कडल' म्हणतात. वारा पडलेला असताना पाणी घरात शिरतं. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था याचा वेगळा इशारा देते, तो मी आवर्जून बघते. हिवाळ्यात उलट दिशेने, इराणच्या आखाताकडून शमाल नावाच्या वायव्य वाऱ्याच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. जानेवारीत इकडे झाडाचं पान हलत नव्हतं आणि भाऊ म्हणत होता बोट लोळतेय. नकाशा मागे सरकवून वायव्येला नेला तेव्हा मला कारण दिसलं.

अ‍ॅप सपशेल चुकलं ते ऑक्टोबरमध्ये. संध्याकाळी ८ ते १० नॉट वारा दाखवत होतं. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे तसा हलकाच. पाच वाजता पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि वीसेक मिनिटांत वाऱ्याने बोट आडवी करायची बाकी ठेवली. माणसं सुखरूप आली, एक जाळं गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण "जा" मी म्हटलं होतं. परतीच्या पावसातले असे ढग तास-दोन तासांत जन्मतात आणि संपतात. पृथ्वीभराची मॉडेलं नऊ ते तेरा किलोमीटरच्या चौकटी मांडतात, त्यात तो एकेक ढग नीट पकडला जात नाही. तेव्हापासून ऑक्टोबर आणि मे महिन्यात मी हवामान खात्याचं कुलाबा आणि वेरावलीचं रडार बघते, शिवाय पुढच्या तीन तासांचा इशाराही.

चक्रीवादळाच्या बाबतीत अ‍ॅपवर निर्णय घेऊच नये. पाच-सहा दिवस आधी दोन मॉडेलं दोन वेगळे मार्ग दाखवतात आणि गावच्या ग्रुपवर त्याचेच फोटो फिरतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला आलं, पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' मुंबईजवळून वर गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा आम्ही होड्या कधी वर ओढायच्या ते खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यावरून ठरवलं. बंदरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की आमच्याकडे चर्चा संपते.

खाडीत तर हे अ‍ॅप जवळजवळ निरुपयोगी आहे. बाबा अजून ठाणे खाडीत छोटी होडी घेऊन जातात. नकाशावर तिथे लाट शून्य. पण उधाणाच्या दिवसांत ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावत असताना दुपारचा खारा वारा समोरून आला, की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि होडीत पाणी येतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवशी तोच वारा काही करत नाही. भरतीची वेळसुद्धा अ‍ॅप अपोलो बंदराची देतं, आमच्या जेटीला पाणी साधारण अर्ध्या तासाने उशिरा भरतं. मी वहीत रोज लिहीत गेले म्हणून हे मला सांगता येतंय.

भावाला आता मी चार ओळी पाठवते. पहिली वाऱ्याची, दिशा आणि झोत धरून. दुसरी लाटेची, उंचीच्या आधी सेकंद. तिसरी इन्कॉइस आणि हवामान खात्याचा इशारा आहे की नाही. चौथीत दोन मॉडेलं जुळतात की नाही ते, आणि जुळत नसतील तर "लवकर फिर" एवढंच.